हानलेला जाताना दिवे घरी ठेवावेत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लडाखमधील हानले या गावावर प्रसिद्ध झालेला सचित्र लेख वाचला. एवढ्या आडबाजूच्या आणि एवढ्या थंड गावाकडे मराठी वाचकांचे लक्ष वेधावे असे आपल्याला वाटले, याचा आनंद आहे. गेल्या पौष अमावास्येच्या सुमारास मी स्वतः तेथे चार रात्री राहून आलो असल्यामुळे तो लेख जरा अधिकच आस्थेने वाचला. त्यात माहितीच्या तीन चुका आहेत आणि त्या सुधारता येण्याजोग्या आहेत. परंतु लेखाशेजारच्या चौकटीत सहलीची आकर्षणे सांगताना ‘ताऱ्यांच्या छताखाली शेकोटी आणि संगीत’ असे जे छापले आहे, त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण ज्या गोष्टीसाठी माणसाने एवढ्या लांब जायचे, तीच गोष्ट या दोन शब्दांत मारली जाते.

आधी चुका. लेखासोबतच्या मोठ्या छायाचित्रात मठाच्या मागून आकाशगंगेचा तेजस्वी, जांभळट-गुलाबी पट्टा उभा चढलेला दिसतो आणि त्याखाली ‘डिसेंबरमधील रात्र’ असे लिहिले आहे. छायाचित्र हानलेचे असेलही, पण ते डिसेंबरमधले असू शकत नाही. आकाशगंगेचा मध्यभाग धनू आणि वृश्चिक राशींच्या सीमेजवळ, आपल्या मूळ नक्षत्राच्या परिसरात आहे. धनुर्मास पाळणाऱ्या घरांत तरी हे वेगळे सांगावे लागू नये: डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत सूर्यच धनू राशीत मुक्कामाला असतो, त्यामुळे आकाशाचा तो भाग दिवसाउजेडी उगवतो, दिवसाउजेडीच मावळतो आणि रात्री आपल्या वाट्याला येत नाही. छायाचित्रातले दृश्य संध्याकाळनंतर पाहायचे असेल तर जून ते सप्टेंबर या काळात जावे लागते. हिवाळ्यात दिसते ती आकाशगंगेची दुसरी, विरळ बाजू, जी शर्मिष्ठा, ययाती, सारथी अशी येत मृगाच्या पूर्वेकडून खाली व्याधाच्या अंगाने क्षितिजाकडे उतरते. ती सुंदर नाही असे मुळीच नाही, पण ती फिकट आहे. शिवाय छायाचित्रातले रंग हे कॅमेऱ्याने पंधरा-वीस सेकंद प्रकाश साठवून मिळवलेले असतात. अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग ओळखता येत नाहीत. तेथे डोळ्यांना जे दिसते ते राखाडी, दुधाळ आणि दाणेदार असते. गुलाबी पट्टा पाहायला म्हणून गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत हिरमुसतो आणि खिशातला मोबाइल बाहेर काढतो, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे, म्हणून ही दुरुस्ती केवळ पंडिती नव्हे.

दुसरी चूक अगस्त्याची आहे. ‘हानलेच्या स्वच्छ आकाशात अगस्त्य तारा विलक्षण तेजाने तळपतो’ असे लेखात म्हटले आहे. अगस्त्य हा दक्षिणेचा तारा. दक्षिण महाराष्ट्रातून तो क्षितिजावर वीसएक अंश चढतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींएवढा. हानले मात्र सुमारे ३२.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि तेथून तो आपल्या सर्वांत उंच जागी असतानाही क्षितिजापासून जेमतेम साडेचार अंश वर येतो. त्या गावाला चारी बाजूंनी डोंगर आहेत. रात्री दहाच्या सुमारास मी मुद्दाम दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिलो, पण अगस्त्य डोंगरामागेच कोठेतरी राहिला. त्याच्या भरपाईला उत्तरेचा ध्रुव आहे, जो आपल्याकडे इमारतींच्या कठड्यामागे दडलेला असतो आणि तेथे चांगला वर, शोधावा न लागता दिसतो.

तिसरी चूक ध्रुवप्रकाशाची, म्हणजे ध्रुवांजवळच्या आकाशात झळकणाऱ्या रंगीत उजेडाची. हिवाळ्यात हानलेला गेल्यास ‘नशीब असेल तर’ ध्रुवप्रकाशही दिसेल, असे आश्वासन लेखात आहे. तेथे लालसर ध्रुवप्रकाश टिपला गेला हे खरे आहे, परंतु तो १० आणि ११ मे २०२४ दरम्यानच्या रात्रीसारख्या विरळा प्रसंगी, मोठ्या सौर वादळामुळे, आणि मुख्यतः कॅमेऱ्याला दिसतो. त्याचा थंडीशी काही संबंध नाही. त्या भरवशावर कोणी तिकिटे काढू नयेत.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. हानले लेहहून अडीचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. सिंधूच्या काठाने उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा असे जात लोमाच्या पुलावर नदी ओलांडली की रस्ता एका रुंद, निर्जन मैदानात शिरतो आणि त्याच्या टोकाशी सतराव्या शतकातला मठ व त्याच्या पायथ्याशी पसरलेल्या वाड्या दिसू लागतात. गाव समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार मीटरांहून उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटरांचे आहे, म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक ठेवले तरी गावाचा उंबरा येत नाही. ढग हिमालयाच्या पलीकडेच रिते होत असल्याने पाऊस आणि बर्फ दोन्ही बेताचेच, हवा विरळ आणि इतकी कोरडी की दोन दिवसांत ओठ फाटतात. याच कारणांमुळे १९९०च्या दशकात अनेक जागांची पाहणी झाल्यावर खगोलशास्त्रज्ञांची पसंती या ठिकाणाला मिळाली. गावाजवळच्या, सुमारे ४,५०० मीटर उंचीच्या डोंगरावर भारतीय ताराभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तेथील दोन मीटर व्यासाच्या, खगोलशास्त्रज्ञ चंद्रशेखरांचे नाव दिलेल्या दुर्बिणीने २००० साली पहिले निरीक्षण घेतले आणि पुढे ती उपग्रहाच्या दुव्यावरून बंगळुरूजवळच्या होस्कोटे येथून चालवली जाते, कारण त्या उंचीवर माणसाने रात्रभर जागून डोके ठिकाणावर ठेवणे अवघड.

आपल्या वाचकांना जवळची वाटावी अशी एक गोष्ट लेखात आलेली नाही. त्या परिसरातील दोन दुर्बिणींची नाळ थेट मुंबईशी जोडलेली आहे. सत्तर सेंटिमीटर व्यासाची, आपोआप चालणारी एक दुर्बीण ताराभौतिकी संस्थेने आणि पवईच्या आयआयटीने मिळून २०१८ साली सुरू केली. अचानक भडकणारे तारे आणि पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह यांच्यावर ती लक्ष ठेवते. दुसरी ‘मेस’ नावाची, २१ मीटर व्यासाच्या प्रचंड तबकडीची, ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली, जिचे उद्घाटन ४ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. तिचे काम समजून घेतले की अंधाराची किंमत समजते. दूरच्या अवकाशातून आलेला गॅमा किरण वातावरणावर आदळला की वरच्या थरांत निळसर प्रकाशाची एक क्षीण लकेर उमटते आणि सेकंदाच्या काही अब्जांश भागांत विझून जाते. ती लकेर टिपायची तर भोवतालचे आकाश निखळ काळे असावे लागते. ट्रॉम्ब्याच्या शास्त्रज्ञांनी तेथे जाऊन तबकडी उभारायची आणि आपल्याच गावातून गेलेल्या मंडळींनी तिच्या परिसरात शेकोटी पेटवायची, हा प्रकार मला सहन होण्यापलीकडचा वाटतो.

मात्र अंधार केवळ निसर्गाने दिलेला आहे, हा माझा समज गावात राहिल्यावर सुटला. डिसेंबर २०२२ मध्ये वेधशाळेभोवतीचा सुमारे १,०७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश देशातील पहिले ‘डार्क स्काय रिझर्व्ह’, आपल्या भाषेत राखीव अंधारक्षेत्र, म्हणून अधिसूचित झाला. अभयारण्याला कुंपण घालता येते, चौकीदार ठेवता येतो. अंधाराला कुंपण नसते. तो रोज संध्याकाळी घराघरांतून राखावा लागतो. मी ज्या घरात उतरलो होतो तेथे दिवस मावळताना एक नित्यक्रम चाले. घरातली आजी चुलीवरचे आधण उतरवून आधी खिडक्यांकडे जाई आणि जाड, दुहेरी शिवलेले पडदे ओढून त्यांच्या कडा खिडकीच्या चौकटीला लाकडी चिमट्यांनी लावून टाकी, मग आत दिवा लावला जाई. अंगणातल्या एकुलत्या एका बल्बवर पत्र्याच्या डब्याची टोपी बसवलेली होती, त्यामुळे त्याचा उजेड पायरीपुरता गोल पडे आणि वर एक तिरीपही जात नसे. शौचालय घरापासून वीसेक पावलांवर, कोरडे, लडाखी पद्धतीचे. रात्री तेथे जायला तांबडा कागद गुंडाळलेली विजेरी दाराशी खिळ्याला टांगलेली असे. उणे वीस तापमानात, निसरड्या पायवाटेवर, सत्तरीच्या बाईने तांबड्या उजेडात चाचपडत जायचे, ते कशासाठी, तर डोंगरावरच्या दुर्बिणीला आणि अंगणातल्या पाहुण्याला आकाश नीट दिसावे म्हणून. आपल्याकडे दिवाळीनंतर महिनाभर आकाशकंदील न उतरवणाऱ्या आम्हा मंडळींनी हे पाहण्यासारखे आहे.

त्या घरची नात गावातील खगोलदूतांपैकी एक आहे. राखीव क्षेत्राच्या योजनेत परिसरातील २४ स्थानिकांना, ज्यांत तरुण मुली बऱ्याच आहेत, आकाशदर्शनाचे शिक्षण आणि दुर्बिणी देण्यात आल्या आणि तेच आता पाहुण्यांना आकाश दाखवतात. मी गेली तीस वर्षे हौसेने आकाश पाहतो आहे, तरी त्या मुलीने मला दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे नेत्रिकेला डोळा लावताना श्वास रोखून धरायचा; नाहीतर उच्छ्वासाची वाफ काचेवर बसून तत्क्षणी गोठते आणि मग ती पुसायलाही येत नाही, कारण पुसले की काच खरवडते. दुसरे म्हणजे दुर्बिणीच्या नळीच्या तोंडाखाली उभे राहायचे नाही, कारण आपल्या अंगाची ऊब वर जाऊन ताऱ्याची प्रतिमा थरथरवते. ‘तुम्ही तापलेली बुखारी, म्हणजे खोली गरम करणारी शेगडी, आहात असे समजा,’ अशा अर्थाचे ती हिंदीत म्हणाली आणि मला दोन पावले मागे सरकवले. त्या रात्री कृत्तिकेचा पुंजका मी नुसत्या डोळ्यांनी मोजला. आमच्या गच्चीवरून चांगल्या रात्री पाच तारे मोजता येतात. तेथे नऊपर्यंत पोहोचलो आणि थंडीने डोळ्यांतून पाणी येऊ लागले म्हणून थांबलो. सारथीचा ओळखीचा पंचकोन सापडायला मात्र उलट वेळ लागला, कारण त्याच्या आतबाहेर इतके बारीक तारे होते की रेघा जुळेनात.

आणि याच रात्री, नऊच्या सुमारास, लोमाच्या बाजूकडून तीन गाड्या आल्या. त्या अजून दूर, मैदानाच्या पलीकडच्या काठाला होत्या तेव्हापासूनच आमच्या अंगणातल्या भिंतीवर आमच्या सावल्या हलू लागल्या. गाड्या शेजारच्या घरापाशी थांबल्या आणि मराठी बोलणे कानावर पडले. खोटे कशाला सांगू, आधी आनंदच झाला. महाराष्ट्रातल्या एका सहल कंपनीचा तो गट होता. कंपनीचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण दुसरी कोणतीही कंपनी असती तरी फार वेगळे घडले असते असे मला वाटत नाही. चालकांनी ऊब राहावी म्हणून इंजिने चालूच ठेवली आणि आजकालच्या अनेक गाड्यांचे पुढचे दिवे इंजिन चालू असेपर्यंत आपोआप तेवत राहतात. उतरलेल्या मंडळींनी पाय कोठे पडतो ते पाहण्यासाठी मोबाइलचे दिवे लावले. कोणीतरी वर पाहून ‘बापरे’ म्हटले आणि लगेच त्या आकाशाचा फ्लॅश लावून फोटो काढला. आमच्याकडची मुलगी एकेका गाडीच्या काचेवर टकटक करून ‘जुले, लाइट बंद, प्लीज’ असे म्हणत फिरली (जुले म्हणजे लडाखी नमस्कार). तिच्या आवाजात राग नव्हता, उलट रोजचे काम करणाऱ्याचा संथपणा होता, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटली. दिवे बंद व्हायला वीस मिनिटे गेली. मग कोणी तरी ध्वनिक्षेपक काढला.

येथे शास्त्राची एक साधी बाब सांगणे भाग आहे, कारण तो गट उद्धट नव्हता, केवळ अजाण होता. आपला डोळा अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटे घेतो. त्या वेळात बाहुली तर विस्फारतेच, पण खरा बदल डोळ्याच्या पडद्यावरील पेशींत होतो: उजेडाने विरघळलेले रंगद्रव्य त्यांत हळूहळू पुन्हा तयार होते आणि त्यानंतरच मंद तारे दिसू लागतात. पांढऱ्या दिव्याचा एक झोत डोळ्यांत गेला की ते क्षणात नष्ट होते आणि पुन्हा पहिल्यापासून वाट पाहावी लागते. म्हणजे मोबाइलचा दिवा एका माणसाने एक सेकंद लावला तरी अंगणातल्या दहा माणसांचा अर्धा तास वाया जातो. तांबड्या मंद उजेडाचा त्या पेशींवर फारसा परिणाम होत नाही, म्हणून तो तांबडा कागद. पांढऱ्या एलईडीत निळ्या प्रकाशाचा अंश मोठा असतो आणि हवेत निळाच प्रकाश अधिक विखुरतो, म्हणून तेवढ्याच तेजाचा पिवळसर दिवा आकाशाला कमी ओरखडतो. त्यातून हिवाळ्यात जमिनीवर बर्फाचा पातळसा थर असला की खाली रोखलेला झोतही परावर्तित होऊन वर जातो. गाडीचे दिवे मंद ठेवण्याचा नियम त्या क्षेत्रात आहे, पण नुसत्या मंद करण्याने भागत नाही. अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचणे हा खरा उपाय आहे.

दुचाकीस्वारांची गोष्ट आणखी अवघड आहे. उन्हाळ्यात उमलिंग ला या १९,००० फुटांहून उंच खिंडीकडे जाणारे शेकडो स्वार हानलेला रात्रीच्या मुक्कामाला थांबतात, आणि २०१७ पासून आपल्याकडील नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असताना बंद करण्याची सोयच ठेवलेली नाही. शहरातल्या अपघातांसाठी तो नियम योग्य आहे. हानलेत मात्र उशिरा पोहोचलेल्या स्वाराला गावाच्या वेशीवर गाडी बंद करून ढकलत नेणे किंवा दिव्यावर कापड बांधून कासवगतीने जाणे, एवढेच दोन मार्ग उरतात. महाराष्ट्रातून दरवर्षी जाणाऱ्या दुचाकी गटांनी आपल्या वेळापत्रकात एवढा फरक करावा.

शेकोटीबद्दलचा माझा आक्षेप केवळ उजेडापुरता नाही. त्या उंचीवर झाडे नाहीत. चांगथांगच्या त्या थंड वाळवंटात जळण म्हणजे याक आणि शेळ्यांचे वाळवलेले शेण-लेंड्या, आणि बुर्त्से नावाचे एक खुरटे झुडूप, जे मुळासकट उपटावे लागते आणि पुन्हा वाढायला वर्षे घेते. चांगपा मेंढपाळांच्या, ज्यांच्या शेळ्यांपासून जगप्रसिद्ध पश्मीना मिळते, तंबूंतली चूलही त्याच इंधनावर चालते. आम्ही उतरलो त्या घरात उन्हाळाभर जमवलेल्या शेणाच्या गोवऱ्यांची रास भिंतीला लागून छपरापर्यंत रचलेली होती आणि फेब्रुवारी यायच्या आत ती कमरेपर्यंत आली होती. आजी रोज त्या राशीकडे पाहून उरलेल्या थंडीचा अंदाज करी. पाहुण्यांच्या करमणुकीसाठी अंगणात तासभर जळणारी शेकोटी म्हणजे त्या घराचे दोन-तीन दिवसांचे स्वयंपाकपाणी आणि ऊब. लाकूड लेहहून ट्रकने आणले तरी ते कोठून तरी तोडलेलेच असते, आणि उजेडाचा व धुराचा प्रश्न राहतोच.

लेखातील कार्यक्रम-पत्रिकेबद्दलही दोन शब्द. पहिल्या दिवशी विमानाने लेह आणि दुसऱ्या दिवशी हानले, असे त्यात दाखवले आहे. हे धोक्याचे आहे. लेह सुमारे ३,५०० मीटरांवर आहे आणि तेथे किमान दोन पूर्ण दिवस विश्रांती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा सर्वसाधारण सल्ला आहे. हानलेत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच. डोकेदुखी आणि मळमळ यांकडे दुर्लक्ष करून वर जात राहिल्यास फुप्फुसांत किंवा मेंदूत पाणी साठण्यापर्यंत मजल जाऊ शकते, आणि त्यावर खरा उपचार म्हणजे ताबडतोब खाली उतरणे, जे हानलेहून हिवाळ्यातल्या रात्री सोपे नाही. थंडीही ‘गुलाबी’ नव्हे. मी खिडकीबाहेर टांगलेल्या तापमापकावर पहाटे उणे २३ पाहिले आणि गावकऱ्यांनी त्याला सौम्य रात्र म्हटले. नळ शरद ऋतूतच बंद केलेले असतात, पाणी भांड्यांनी आणावे लागते, मोबाइलची बॅटरी खिशाबाहेर काढल्यावर काही मिनिटांत मान टाकते आणि दुर्बिणीच्या लोखंडाला उघडे बोट लागले तर कातडी चिकटते. हे सारे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. वयाच्या सहाव्या दशकात असलेल्या मला ते झेपले, पण त्यासाठी मी लेहला तीन रात्री काढल्या होत्या आणि डॉक्टरांना विचारून गेलो होतो.

‘मग पर्यटकांनी जाऊच नये काय?’ असा प्रश्न कोणी विचारील. तसे माझे म्हणणे नाही. खगोलदूतांना आकाश दाखवण्याचे पैसे मिळतात, घरोघरी पाहुण्यांची सोय झाल्याने गावात पैसा येतो, आणि शिकलेली मुले हिवाळ्यात लेहला किंवा खाली न जाता गावात राहण्याचे कारण त्यांना मिळते. त्या मुलीला मी विचारले की पाहुणे आले नाहीत तर बरे वाटेल का. ती म्हणाली की पाहुणे यावेत, पण त्यांनी दोन-तीन रात्री राहावे; एका रात्रीचा पाहुणा फक्त उजेड घेऊन येतो आणि अंधार दिसायच्या आत निघून जातो. मला हे पटले. संध्याकाळी सातला पोहोचून, दहाला झोपून, पहाटे उमलिंग लाच्या वाटेला लागणारा प्रवासी गावाला थोडे पैसे देतो आणि त्या रात्रीचे आकाश खर्ची घालतो. तीन रात्री राहणारा तेच दिवे एकदाच आणतो. म्हणून माझी सूचना संख्येपेक्षा मुक्कामाच्या लांबीबद्दल आहे, आणि ती सहल कंपन्यांच्याही हिताची आहे, कारण ढगाळ रात्र हानलेतही येते.

ज्यांना उंची झेपणार नाही किंवा खर्च परवडणार नाही त्यांच्यासाठी आपल्याच राज्यात एक जागा आहे, जिचा उल्लेख अशा लेखांत सहसा येत नाही. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली आणि त्यासाठी आसपासच्या गावांतील दिवे बदलण्यात आले. तेथील आकाश हानलेसारखे नाही, उंची आणि कोरडेपणा यांना पर्याय नसतो. परंतु अगस्त्य मात्र तेथून नीट दिसतो.

आपणांस विनंती एवढीच आहे की, वर दाखवलेल्या तीन चुकांची दुरुस्ती पुढील पुरवणीत प्रसिद्ध करावी आणि हानलेच्या सहलींच्या जाहिराती व लेख यांसोबत पुढील मजकूर चौकटीत द्यावा: सूर्यास्तापूर्वी गावात पोहोचावे, अमावास्येच्या मागच्या-पुढच्या चार-पाच रात्री निवडाव्यात, कारण पौर्णिमेच्या चांदण्यात हानलेचे आकाशही फिके पडते, पांढरी विजेरी, लेझर, ड्रोन आणि ध्वनिक्षेपक नेऊ नयेत, खिडकीचे पडदे यजमानाने सांगण्याआधी लावावेत, लेहमध्ये किमान दोन पूर्ण दिवस थांबावे. ‘शेकोटी आणि संगीत’ हे शब्द वगळावेत. तांबडा पारदर्शक कागद कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. विजेरीवर त्याचे दोन पदर लावले तर पुरतात, एक पदर कमी पडतो.

आपला,
एक नियमित वाचक,
सातारा